एकच सेटिंग फाइल, बत्तीस यंत्रं आणि दोन हट्टी थिन क्लायंट

टेबलाखालचा:
नमस्कार मंडळी. बऱ्याच महिन्यांनी धागा काढतोय आणि तोही रडगाण्याचा, सांभाळून घ्या.

एका वाचनालयातली संगणकांची खोली मी फावल्या वेळात बघतो. बत्तीस यंत्रं आहेत (मी त्यांना थिन क्लायंट म्हणतो) आणि एकातही डिस्क नाही. सगळी नेटवर्कवरून बूट होतात, एलटीएसपी वापरून (लिनक्सच्या एका सर्व्हरवरून अनेक यंत्रं चालवणारं सॉफ्टवेअर). सेटिंग एकाच फाइलमध्ये, म्हणजे सर्व्हरवरच्या एलटीएसपी.कॉन्फमध्ये. 'क्लायंट्स' विभागात सगळ्यांना लागू होणाऱ्या गोष्टी आणि त्याखाली दोन यंत्रांसाठी त्यांच्या मॅक पत्त्याचे (म्हणजे नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाचे) वेगळे विभाग. ही दोन म्हणजे क्रमांक १७ आणि १८. त्यांना जुने मॉनिटर आहेत, म्हणून स्क्रीनचा आकार वेगळा द्यावा लागतो. शिवाय ती फक्त पुस्तकं शोधण्यासाठी आहेत, म्हणून तिथे नाव-पासवर्ड न विचारता थेट लॉगिन व्हायला हवं.

तीस यंत्रं गुणी बाळासारखी चालतात. १७ आणि १८ मात्र आपला विभाग वाचतच नाहीत. मध्येच एखाद्या दिवशी वाचतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. फाइल मी आता तोंडपाठ म्हणून दाखवू शकेन.

दोन प्रश्न आहेत. माझं काय चुकतंय? आणि एवढ्या यंत्रांसाठी तुम्ही एकच मोठी फाइल ठेवता की यंत्रागणिक वेगळी?

निवांत:
पहिला प्रतिसाद माझा. आता धागा वाचतो.

वायरमन:
फाइल बदलल्यावर सर्व्हरवर 'एलटीएसपी इनिटआरडी' ही कमांड चालवली का? नव्वद टक्के घोडं इथेच अडतं.

थोडं विस्ताराने सांगतो, म्हणजे पुढच्यालाही उपयोग होईल. एलटीएसपी.कॉन्फ ही फाइल यंत्रं थेट वाचत नाहीत. ती कमांड चालवली की फाइलमधला मजकूर एलटीएसपी.आयएमजी नावाच्या छोट्या गाठोड्यात बांधला जातो आणि बूट होताना यंत्र ते गाठोडं उतरवून घेतं. तुम्ही फाइल शंभर वेळा बदला, गाठोडं जुनंच असेल तर यंत्राला पत्ता नाही. आणि गाठोडं नवं बांधलं तरी यंत्र रीस्टार्ट केल्याशिवाय काही दिसत नाही.

टेबलाखालचा:
@वायरमन, चालवली. एकदा नाही, दर वेळी. गाठोड्याची तारीख-वेळही तपासली, नवीच आहे. दोन्ही यंत्रं बंद करून, प्लग काढून, पुन्हा लावून झाली.

त्यात वाचनालयात येणारे लोक 'काल ठेवलेली फाइल आज गायब आहे' म्हणून डोकं खातायत ते वेगळंच. त्यांना काय सांगू, माझंच सेटिंग गायब आहे.

शुद्धलेखनवाली:
मॅक पत्ता कुठून उतरवून घेतलात? यंत्रामागच्या स्टिकरवरून असेल तर आधी तो पुसून टाका. (मनातून. स्टिकर राहू दे.)

माझा अनुभव: स्टिकरवर दोन पत्ते असतात, एक वायरचा आणि एक वाय-फायचा. मी भलताच उतरवला आणि अर्धा दिवस घालवला. मदरबोर्ड बदललेला असेल तर स्टिकरवरचे दोन्ही पत्ते चुकीचे निघतात. आणि अक्षर बारीक असेल तर ८ आणि बी सारखेच दिसतात. पत्ता नेहमी बूटच्या वेळच्या स्क्रीनवरून किंवा चालू यंत्रावरून घ्यावा.

दुसरं म्हणजे लिहिण्याची पद्धत. कुठे मध्ये अपूर्णविराम लागतो, कुठे आडवी रेघ, कुठे काहीच नको. कुठे लहान लिपी, कुठे मोठी. माणसाला सगळं एकच वाटतं. यंत्र मात्र एका काना-मात्रेवरून ओळख नाकारतं. माझ्यासारखंच आहे म्हणा ना.

तिरकस_खिळा:
शेवटच्या वाक्याला दंडवत. :)

टेबलाखालचा:
पत्ता बूटच्या स्क्रीनवरूनच घेतलाय ताई. आणि पत्ता चुकला असता तर त्या 'एखाद्या दिवशी' सुद्धा चाललं नसतं ना?

जुनं_खोड:
धाग्याच्या निमित्ताने जुने दिवस आठवले. एलटीएसपी १९९९ साली जिम मॅक्विलन यांनी सुरू केलं. आम्ही ते वापरायला लागलो तेव्हा सेटिंगची फाइल एलटीएस.कॉन्फ होती आणि ती टीएफटीपीच्या (बूटच्या वेळी यंत्रांना फायली देणाऱ्या सेवेच्या) फोल्डरात जाऊन बसायची. त्यात 'डिफॉल्ट' विभाग, खाली मॅक पत्त्यांचे विभाग. कोणत्या स्क्रीनवर काय चालावं तेही एकेका ओळीत: सातव्या स्क्रीनवर लॉगिनची खिडकी, दुसऱ्यावर शेल. भंगारात निघालेली यंत्रं आम्ही त्यावर वर्षानुवर्षं चालवली, कारण यंत्राने फक्त चित्र दाखवायचं आणि कष्ट सगळे सर्व्हरने उपसायचे.

२०१९ मध्ये ते सगळं नव्याने लिहिलं गेलं. फाइल बदलली, कमांड बदलल्या आणि मुळात कल्पनाच बदलली. आताच्या एलटीएसपीत प्रोग्राम यंत्राच्याच प्रोसेसरवर आणि मेमरीत चालतात, सर्व्हर फक्त डिस्कची उणीव भरून काढतो. तेव्हा धागाकर्त्यांनी राग मानू नये, पण ज्याला ते थिन क्लायंट म्हणतायत ते थिन नाहीतच. चांगले खातेपिते आहेत.

तिरकस_खिळा:
आले! व्याख्येवर घसरल्याशिवाय आपला एकही धागा पंचवीस प्रतिसाद ओलांडत नाही.

ज्यात डिस्क नाही, जे बिघडलं तर उचलून दुसरं ठेवता येतं आणि ज्याचं सगळं शहाणपण दुसरीकडे एका फाइलमध्ये असतं, ते माझ्या लेखी थिन क्लायंट. प्रोसेसर कुठे घाम गाळतो त्याने वाचनालयातल्या माणसाला काय फरक पडतो?

जुनं_खोड:
माणसाला नाही पडत, सेटिंगला पडतो. खऱ्या थिन क्लायंटच्या फाइलमध्ये मुख्य ओळ असते 'कोणत्या सर्व्हरशी जोडायचं' ही. डिस्कविरहित यंत्राच्या फाइलमध्ये छपाई, स्क्रीन, आवाज, कोणती सेवा सुरू करायची आणि कोणती नाही, असला सगळा संसार मांडावा लागतो. म्हणून फरक सांगितला. बाकी तुम्ही त्याला पुष्पक विमान म्हणा, माझी हरकत नाही.

कोरी_पाटी:
बाळबोध प्रश्न विचारू का? सेटिंग यंत्रातच का नाही ठेवत? प्रत्येकात मेनू असतोच ना?

वायरमन:
@कोरी_पाटी, दोन यंत्रं असतील तर मेनूतच करा, कोणी अडवलंय. बत्तीस असतील तर तेच बत्तीस वेळा करावं लागतं, आणि एकोणतिसाव्याला चूक होतेच. फाइल एका ठिकाणी असली की यंत्र बदललं तरी नवं यंत्र बूट होताना तीच फाइल वाचतं. ज्याच्या हातात किल्ली नाही त्याला यंत्रावर बसून काही उचकताही येत नाही.

अर्धविराम:
फाइल कोणत्या एडिटरमध्ये लिहिली? विंडोजवर लिहून सर्व्हरवर टाकली असेल तर संशयाला जागा आहे.

माझ्याकडे घडलेलं सांगतो. सेटिंग फाइलमध्ये एका यंत्रासाठी 'आवाज = हो' छापाची ओळ होती. दिसायला निर्दोष. आवाज येईना. दोन दिवसांनी कळलं की विंडोजच्या एडिटरने प्रत्येक ओळीच्या शेवटी दोन अदृश्य चिन्हं ठेवली होती आणि लिनक्सला एकच लागतं. म्हणजे यंत्र 'हो' वाचत नव्हतं. ते 'हो' आणि शेपटाला एक न दिसणारं चिन्ह असं वाचत होतं. 'हो' नाही म्हणजे 'नाही'.

दुसरा छुपा रुस्तम म्हणजे बीओएम, फाइलचं एन्कोडिंग सांगणारी अदृश्य खूण. फाइलच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ असे तीन बाइट बसतात. पहिल्या ओळीत विभागाचं नाव असेल तर वाचणाऱ्या प्रोग्रामला तो कंस सापडत नाही आणि पहिला विभाग हरवतो. बाकी सगळं ठीक, फक्त पहिला विभाग नाही! २०१९ च्या विंडोज १० पासून नोटपॅड नवी फाइल मुळातच बीओएमशिवाय जतन करतं, पण जुनी फाइल जशी होती तशीच राहते.

तपासायला सोपं आहे. लिनक्सवर 'फाइल' कमांड त्या फाइलवर चालवा, ओळींचे शेवट कसे आहेत ते ती सांगते. नाहीतर 'कॅट -ए' (हा ए मोठ्या लिपीतला) करा, अदृश्य ते दृश्य होतं.

टेबलाखालचा:
@अर्धविराम, सर्व्हरवर बसूनच नॅनोमध्ये लिहिलीय. तरी तपासली. स्वच्छ आहे. अवतरणचिन्हंही पाहिली, कारण स्क्रीनच्या आकाराच्या ओळीत बाहेर एकेरी आणि आत दुहेरी असा दुहेरी संसार आहे.

अर्धविराम:
बरोबर. एलटीएसपी.कॉन्फचं शेवटी शेल स्क्रिप्ट होतं, त्यामुळे व्हॅल्यूत मोकळी जागा आली की अवतरणचिन्ह हवंच. आणि बरोबरच्या चिन्हाच्या आजूबाजूला जागा सोडायची नाही. सौंदर्यदृष्टी तिथे आवरायची.

रेघोटी:
दुसऱ्या प्रश्नाकडे कोणी बघतच नाहीये, म्हणून मी बघते. एक फाइल की अनेक?

मी अनेकवाली. पीएक्सईलिनक्स या नेटवर्कवरून बूट करणाऱ्या प्रोग्रामची सेटिंग फाइल शोधायची रीत मला सगळ्यात समजूतदार वाटते. यंत्र सर्व्हरवरच्या एका ठरलेल्या फोल्डरात आधी स्वतःच्या यूयूआयडीच्या (यंत्राच्या ओळखक्रमांकाच्या) नावाची फाइल शोधतं. नसेल तर मॅक पत्त्याच्या नावाची, सगळं लहान लिपीत, मध्ये आडव्या रेघा आणि सुरुवातीला ०१. (हे ०१ बरेच जण विसरतात. ते इथरनेटचा प्रकार दाखवतं.) तीही नसेल तर स्वतःचा आयपी पत्ता सोळा-आधारी अंकांत, मोठ्या लिपीत लिहून. १९२.१६८.१.१० असेल तर सी०ए८०१०ए. ती सापडली नाही तर शेवटचा एक अंक गाळून सी०ए८०१०, मग सी०ए८०१, असं करत करत नुसता सी. शेवटी 'डिफॉल्ट'.

गंमत बघा. एका खोलीतल्या यंत्रांना सलग पत्ते दिले तर त्या अख्ख्या खोलीसाठी एक अपुरं नाव असलेली फाइल पुरते. एखादं यंत्र वेगळं असेल तर फक्त त्याची फाइल ठेवायची. चूक झाली तर त्याच यंत्रापुरती. मोठ्या फाइलमध्ये एक कंस चुकला की बत्तीसच्या बत्तीस आडवे.

थिनस्टेशन या थिन क्लायंटसाठीच्या लिनक्समध्येही असंच. नेटवर्कची सामाईक फाइल आधी वाचली जाते, मग त्या यंत्राच्या मॅक पत्त्याची. नंतर वाचलेली आधीच्यावर मात करते.

धूळपाटी:
@रेघोटी, असहमत. अनेक फायली म्हणजे वर्षभरात अनाथाश्रम. यंत्र भंगारात जातं, फाइल राहते. कोणती फाइल जिवंत यंत्राची आणि कोणती मेलेल्याची हे सांगणारा माणूस नोकरी सोडून गेलेला असतो. एक फाइल, वरपासून खालपर्यंत वाचता येणारी, प्रत्येक विभागाच्या डोक्यावर एक टिप्पणी: हे यंत्र कुठे आहे आणि त्याला वेगळं का वागवलंय. आणि ती फाइल गिटमध्ये. कोणी, कधी, कोणती ओळ बदलली ते दिसतं, आणि कंस चुकला तर एका कमांडमध्ये कालची फाइल परत.

रेघोटी:
गिटमध्ये अख्खं फोल्डर ठेवता येतं हो.

धूळपाटी:
ठेवता येतं. ठेवतं कोण?

रेघोटी:
मी. :)

मुक्काम_टर्मिनल:
मी दोन्हीच्या मधला. आमच्याकडे वाइझ कंपनीची यंत्रं होती, थिनओएस या त्यांच्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या नवव्या आवृत्तीच्या आधीची. त्यात एफटीपी सर्व्हरवर वाइझ नावाचं फोल्डर, त्यात डब्ल्यूएनओएस, आणि त्यात डब्ल्यूएनओएस.आयएनआय. फाइल सर्व्हरचा पत्ता यंत्राला डीएचसीपीच्या (यंत्रांना आयपी पत्ते वाटणाऱ्या सेवेच्या) १६१ क्रमांकाच्या पर्यायातून मिळतो, फोल्डरचा रस्ता १६२ मधून. मुख्य फाइलमध्ये सामाईक गोष्टी आणि शेवटी एक 'इन्क्लूड' ओळ, जिच्यात मॅक पत्त्यासाठी डॉलरचं चिन्ह लावलेला शब्द. यंत्र तिथे स्वतःचा पत्ता भरतं आणि त्या नावाची फाइल असेल तर ओढून घेतं. नसेल तर पुढे जातं. भांडण मिटलं.

आता त्याच फाइलची एक कथा. तिच्यात 'ऑटोलोड' नावाची ओळ असते. ० म्हणजे फर्मवेअर तपासूच नको. २ म्हणजे सर्व्हरवर नवं असेल तरच घे. १ म्हणजे सर्व्हरवर जे वेगळं असेल ते घे, जुनं असलं तरी. काही लिहिलं नाही तर १ धरलं जातं. आमच्यातल्या एकाने (मीच तो) जुन्या यंत्रावर काही पडताळून बघायला त्या फोल्डरात जुनं फर्मवेअर टाकलं आणि विसरून घरी गेलो. सकाळी लोक आले, यंत्रं चालू केली आणि प्रत्येक यंत्र शिस्तीत मागच्या आवृत्तीवर गेलं. बरं, मध्ये बंद करू नका अशी सूचना पडद्यावर येते, आणि सूचना आली की लोक काय करतात ते तुम्हाला माहीत आहे.

तिरकस_खिळा:
बंद करतात. हहपुवा.

शुद्धलेखनवाली:
'आमच्यातल्या एकाने (मीच तो)' हे वाक्य या क्षेत्राचं बोधवाक्य व्हायला हवं.

जुनं_खोड:
थिनओएस ९ पासून ती आयएनआयची पद्धत गेली, सगळं व्यवस्थापनाच्या सॉफ्टवेअरमधून करावं लागतं. तुमच्या चुका आता बटण दाबून करता येतील.

अर्धविराम:
अवांतर आहे, पण राहवत नाही. सगळ्यात खोडकर सेटिंग फाइल रास्पबेरी पायची. त्यातली सीएमडीलाइन.टीएक्सटी अख्खी एकाच ओळीत असावी लागते. नीटनेटक्या माणसाने वाचायला सोपं जावं म्हणून मध्ये एंटर मारला की त्यापुढचं सगळं वाया. मी नीटनेटका माणूस आहे.

पण तिची एक गोष्ट आवडते. नेटवर्कवरून बूट होताना ते यंत्र टीएफटीपी सर्व्हरवर आधी स्वतःच्या अनुक्रमांकाच्या नावाचं फोल्डर शोधतं. म्हणजे प्रत्येक यंत्राला स्वतःचं घर.

कोरी_पाटी:
एकच सेटिंग फाइलमध्ये दोनदा लिहिलं गेलं तर कोणतं खरं? पहिलं की शेवटचं?

वायरमन:
चांगला प्रश्न, आणि धागाकर्त्यांनीही याच अंगाने एकदा बघावं. उत्तर: वाचणाऱ्या प्रोग्रामच्या मर्जीवर. काही पहिलं धरतात, बरेच शेवटचं धरतात. पायथनचा कॉन्फिगपार्सर तर दोनदा दिसलं की सरळ हात वर करून चूक दाखवतो, आणि तेच सगळ्यात प्रामाणिक. म्हणून फाइलमध्ये एखादा विभाग दोनदा तर आलेला नाही ना, हे शोधून बघा. कॉपी-पेस्ट करताना १७ चा विभाग १८ साठी चिकटवला आणि पत्ता बदलायचा राहिला, असं फार होतं.

टेबलाखालचा:
शोधलं. एकेकदाच आहेत. मंडळी, मी आता त्या दोन यंत्रांसमोर नारळ फोडायचा बाकी आहे.

धूळपाटी:
तोवर एक गंभीर विचारतो. थेट लॉगिनसाठी पासवर्ड फाइलमध्ये लिहिलाय का?

टेबलाखालचा:
हो, पण तसाच नाही लिहिला. बेस६४ मध्ये आहे, त्यांच्या मार्गदर्शिकेत आहे तसा.

धूळपाटी:
बेस६४ म्हणजे कुलूप नव्हे हो, पडदा आहे. उलटा करायला एक कमांड पुरते, किल्ली लागतच नाही. आणि ते गाठोडं यंत्रापर्यंत जातं टीएफटीपीने. टीएफटीपी युडीपीच्या ६९ क्रमांकाच्या पोर्टवर ऐकतो, नाव विचारत नाही, पासवर्ड विचारत नाही, फाइल मागितली की देतो. त्या नेटवर्कवर लॅपटॉप लावणारा कोणीही गाठोडं उतरवून पासवर्ड वाचू शकतो.

म्हणून थेट लॉगिनचं खातं असं असावं की त्याचा पासवर्ड चव्हाट्यावर आला तरी झोप उडू नये. पुस्तकं शोधण्यापुरतं खातं, बाकी कुठेही शिरकाव नाही. तुमचं स्वतःचं खातं तिथे लावलं नाहीत ना?

टेबलाखालचा:
...

तिरकस_खिळा:
तीन टिंबांत सगळं आलं.

टेबलाखालचा:
बदलतो. आज रात्रीच बदलतो.

सावळी:
धागा आत्ता सलग वाचला. सगळे फाइलमध्ये चूक शोधतायत, पण पहिल्या पोस्टमधलं एक वाक्य कोणी धरलंच नाही: 'मध्येच एखाद्या दिवशी वाचतात.'

फाइलला मूड नसतात. कंस चुकला असेल तर तो सोमवारीही चुकलेला असतो आणि गुरुवारीही. बीओएम, मॅक पत्ता, दोनदा लिहिलेला विभाग, यातलं काहीही एक दिवस बरं आणि एक दिवस वाईट होत नाही. धागाकर्त्याने स्वतःच एकदा हे म्हटलंय आणि आपण पुढे निघून गेलो. फाइल तीच, यंत्र तेच आणि निकाल वेगळा, म्हणजे यंत्र दर वेळी तीच फाइल वाचत नाहीये.

दोन प्रश्न. एक, यंत्रांना आयपी पत्ता कोण देतं, राउटर की तुमचा सर्व्हर? दोन, त्या नेटवर्कवर बूट करून देणारं दुसरं कोणी आहे का?

टेबलाखालचा:
पत्ता राउटर देतो. बूटचं बघायला सर्व्हरवर डीएनएसमास्क ही सेवा आहे, प्रॉक्सी डीएचसीपी पद्धतीने, म्हणजे ती पत्ता देत नाही, फक्त बूट कुठून करायचं ते सांगते. एलटीएसपीच्या कमांडने जसं बसवून दिलं तसंच. दुसरं कोणी नाही.

सावळी:
'दुसरं कोणी नाही' हे माहीत आहे की वाटतं?

उद्या १७ चालू करताना स्क्रीनवर लक्ष ठेवा, जमल्यास फोनने व्हिडिओच घ्या, कारण ती ओळ झर्रकन जाते. आयपीएक्सई (नेटवर्कवरून बूट करणारा छोटा प्रोग्राम) सुरू झालं की यंत्राचा स्वतःचा पत्ता दाखवतं आणि 'नेक्स्ट सर्व्हर' म्हणून आणखी एक पत्ता दाखवतं. तो तुमच्या सर्व्हरचा आहे का ते बघा. चांगल्या दिवशी आणि वाईट दिवशी, दोन्ही.

प्रॉक्सी पद्धतीत ही फसगत सहज होते. यंत्राचा पत्ता राउटरकडूनच येतो, त्यामुळे तो दोन्ही दिवशी नेहमीसारखाच दिसतो आणि संशय येत नाही. बूट कुठून करायचं हे मात्र जो उत्तर देईल त्याच्याकडून ठरतं. दोघं उत्तर द्यायला बसले असतील तर कोणाचं उत्तर घेतलं जाईल ते तुमच्या हातात नाही.

वायरमन:
सावळी यांना सलाम. मी पहिल्या प्रतिसादापासून कमांडला चिकटून बसलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

रेघोटी:
पण मग फक्त १७ आणि १८ च का? दुसरा सर्व्हर असेल तर बाकीची तीस पण तिकडे जायला हवीत.

सावळी:
@रेघोटी, जात असतील की. बाकीच्या तिसांना फक्त सामाईक सेटिंग आहे. ते दोन्हीकडे सारखं असेल तर यंत्र इकडून आलं काय आणि तिकडून आलं काय, ओळखणार कसं? वेगळं सेटिंग फक्त दोघांना दिलंय, म्हणून दोघंच पकडले गेले.

जुनं_खोड:
वा. हे वाचून खुर्चीत सरळ बसलो.

टेबलाखालचा:
मंडळी, बसा सगळे.

सकाळी जाऊन १७ चालू केलं. नेक्स्ट सर्व्हर म्हणून जो पत्ता आला तो नव्या सर्व्हरचा नाही. जुन्याचा!

हकिकत अशी. जुन्या सर्व्हरची डिस्क कुरकुर करायला लागली म्हणून मी नवा बसवला. जुन्यावरची एलटीएसपी.कॉन्फ आणि यंत्रांची इमेज जशीच्या तशी नव्यावर आणली, त्यामुळे दिसायला दोन्ही जुळे भाऊ. जुना बंद करून कपाटाशेजारी ठेवला, केबल तशीच. वाचनालयातल्या एका ताईंना त्यातल्या जुन्या याद्या लागतात, म्हणून त्या मधूनमधून तो चालू करतात. काम झालं की कधी बंद करतात, कधी राहून जातो. चालू झाला की बिचारा इमानेइतबारे आपली जुनी नोकरी करतो: कोण बूट मागतंय, या, मी देतो.

१७ आणि १८ चे विभाग मी नवा सर्व्हर आल्यावर लिहिले. जुन्याच्या फाइलमध्ये ते नाहीतच. म्हणजे तो बंद असलेला दिवस चांगला आणि चालू असलेला दिवस लॉटरीचा.

आणि आता खरी मजा. मी मागे लिहिलं होतं ना, लोक फायली गायब झाल्याची तक्रार करतायत? यंत्र ज्या सर्व्हरवरून बूट होतं त्याच्यावरच त्या माणसाचं फोल्डर उघडतं. एक दिवस फाइल जुन्या सर्व्हरवर ठेवली गेली, दुसऱ्या दिवशी यंत्र नव्यावरून उठलं, फाइल नाही! जुन्याची डिस्क उघडली तर सगळ्या 'गायब' फायली तिथे सुखरूप. एका मुलाचा अख्खा प्रकल्प सापडला. मी त्याला सांगितलं होतं की तू जतन करायला विसरला असशील.

शुद्धलेखनवाली:
त्या मुलाची माफी मागितलीत ना?

टेबलाखालचा:
मागितली. तो म्हणाला, 'मला वाटलंच होतं.'

तिरकस_खिळा:
पोरगं पुढे सिस्टिम अॅडमिन होणार.

निवांत:
धागा वाचून झाला. सावळी यांच्याशी सहमत.

धूळपाटी:
म्हणजे एक फाइल की अनेक हा वाद चालू होता आणि मुळात तीच फाइल दोन ठिकाणी होती. माझ्या बाजूचा मुद्दा आहे हा. एक फाइल म्हणजे एकच.

रेघोटी:
तुमची 'एकच फाइल' पद्धत वापरूनच तर दोन झाल्या! जुन्या सर्व्हरवर यंत्रागणिक फायली असत्या तरी हेच झालं असतं, हे मान्य. पण १७ साठी फाइलच मिळाली नाही हे नोंदींमध्ये लगेच दिसलं असतं. नाव शोधलं आणि सापडलं नाही, अशी ओळ टीएफटीपीच्या लॉगमध्ये पडते. मोठ्या फाइलमध्ये विभाग सापडला नाही तर कोणी ब्र काढत नाही.

धूळपाटी:
लॉगचा मुद्दा बिनतोड आहे. (हे वाक्य जपून ठेवा, मी सहसा लिहीत नाही.) पण तो लॉग जुन्या सर्व्हरवर पडला असता, आणि तिथे बघायला तो सर्व्हर आठवायला हवा.

मुक्काम_टर्मिनल:
मी आता सामाईक विभागातही एक खूण ठेवणार आहे. यंत्राच्या पडद्यामागच्या चित्रावर किंवा लॉगिनच्या खिडकीत कुठेतरी सर्व्हरचं नाव आणि फाइल बदलल्याची तारीख. लांबून नजर टाकली तरी कळेल कोण कुठल्या घरचं खातंय.

कोरी_पाटी:
जुना सर्व्हर त्या ताईंना लागतोच ना? मग तो फेकायचा का?

वायरमन:
फेकायची गरज नाही. त्यावरची डीएनएसमास्क सेवा थांबवा आणि बूटच्या वेळी आपोआप सुरू होणार नाही अशी बंद करा. नुसती थांबवली तर पुढच्या वेळी ताई बटण दाबतील तेव्हा ती पुन्हा हजर. टीएफटीपीच्या फोल्डरातलं गाठोडंही दुसरीकडे हलवा, म्हणजे चुकून कोणी मागायला आलंच तर हाती काही लागणार नाही. पण त्याआधी लोकांच्या फायली नव्या सर्व्हरवर आणा, आणि एकाच नावाची फाइल दोन्हीकडे असेल तर नवी कोणती ते हाताने बघा. डिस्क कुरकुरतेय म्हणालात ना, मग आजच.

टेबलाखालचा:
फायली आणतोय. एकशे चाळीसच्या आसपास दोन्हीकडे आहेत आणि काहींमध्ये दोन्हीकडे वेगवेगळं लिहिलेलं आहे. ज्याच्या त्याला विचारावं लागणार. डीएनएसमास्क बंद केली, पुन्हा उठणार नाही याची खात्री केली. थेट लॉगिनचं खातंही बदललं, @धूळपाटी.

१७ आणि १८ काल संध्याकाळपासून सात वेळा रीस्टार्ट केली. सातही वेळा नीट. आता १८ चा आवाज येत नाहीये.

अर्धविराम:
'कॅट -ए'.